बायका कामचुकार नाहीत, आपली कानस मेलीय



आज हळदीची नोंद नाही, उसाची पण नाही. आज कानशीवर लिहिणार आहे. होय, तीच कानस, जी ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये पान्ह्यांखाली दबून पडलेली असते आणि वर्षातून चारदा बाहेर निघते, ती पण शिव्या खायला. लिखाण लांबलंय. कुणाला टोचेल सुद्धा. टोचलं तर समजा तुमच्यासाठीच लिहिलंय.

कारण सांगतो. परवा रात्री पारावर आम्ही पंधरा-वीस जण बसलो होतो. विषय भांगलणीचा रोज. बायका तीनशेवर यायला तयार नाहीत, साडेतीनशे मागतायत. झालं, एकेकाचं तोंड सुटलं. "अकराला येत्यात, पाचला जात्यात." "पात धरली की अर्ध्या तासात गप्पा सुरू." "आमची आई एकटी रान उरकायची, ह्या नऊ जणींना दोन दिवस लागत्यात." तास-दीड तास हेच दळण. एवढ्या वेळात एकाही माणसाने खुरप्याचं नाव काढलं नाही.

मी विचारलं, "तुमच्यातल्या किती जणांच्या घरात चालणारी कानस आहे?"

सगळे हसले. एक जण म्हणाला, "अण्णा, इथं मजुरीचं चाललंय, मधीच कानशीचं काय काढलं?"

त्या रात्री हशात माझं उत्तर राहून गेलं. ते आज इथं लिहितोय.

आधी माझी चूक सांगतो, म्हणजे दुसऱ्याला शिकवतोय असं कुणाला वाटायला नको.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. हळद गुडघ्याला लागली होती, दुसरी भांगलण चालू होती. नऊ बायका होत्या. त्यात एक आक्का, साठीच्या आसपासची, माझ्या आईबरोबर भांगलायला जाणारी. तिची पात सारखी मागं पडायची. बाकीच्या बांधाला लागल्या तरी ही निम्म्या सरीत. मी बांधावरून सगळ्यांसमोर ओरडलो, "आक्का, वय झालं आता, घरी बसा. रोज काय फुकट न्यायचा?" ती काही बोलली नाही. संध्याकाळी पैसे देताना तिने आपलं खुरपं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "अण्णा, उद्या तुम्ही धरा माझी पात. हे मातीत शिरत न्हाय. खरवडून खरवडून हात सोलला." तिने हात पुढं केला. अंगठ्याच्या मुळाशी फोड फुटून ओला झाला होता.

आणि त्या सकाळी तिच्या खुरप्याला धार मीच लावून दिली होती! म्हणजे मला तसं वाटत होतं. मी टूलबॉक्समधली कानस काढली, खुरप्यावर दहा-वीस वेळा मागंपुढं खरखर केलं आणि "हं, घ्या" म्हणून दिलं. आवाज झाला, हात काळे झाले, म्हणजे धार लागली अशी माझी समजूत.

रात्री ती कानस दिव्याखाली धरली. दात्यांच्या टोकांवर पांढरी चकाकी. रेघांमध्ये ग्रीस आणि लोखंडाचा बुरा थापून बसलेला. एका कडेला गंज. माझा भाचा आयटीआयला फिटरचा कोर्स करून आलेला. त्याने बोट फिरवलं आणि म्हणाला, "मामा, ही कानस न्हाय, ही नुसती पट्टी हाय."

आक्का दुसऱ्या दिवशी आली नाही. मी घरी जाऊन चुकलं म्हणून सांगितलं. तिने चहा पाजला, चांगलं बोलली, पण माझ्या रानात परत आली नाही. शेजारच्या रानात जाते, बांधावरून दिसते. मी मान खाली घालतो.

तेव्हापासून जे शिकलो ते लिहितोय. थोडं भाच्याकडून, थोडं गावातल्या लोहाराकडून, आणि बरंच स्वतःच्या हाताने कानशी खराब करून.

कानस म्हणजे काय, हे आपण कधी बघतच नाही. जास्त कार्बनचं पोलाद घेऊन त्याच्यावर दाते पाडतात आणि मग त्याला कडक पाणी देतात. म्हणून ती आपल्या खुरप्यापेक्षा, कोयत्यापेक्षा कठीण असते, आणि म्हणूनच त्यांना कापू शकते. पण जेवढी कठीण तेवढीच ठिसूळ. हातोडी मारली, पहारीसारखी उचकटायला वापरली, फरशीवर पडली, तर काचेसारखा तुकडा उडतो. डोळ्यात गेला तर डोळा जातो. या कानशी काही परदेशातून येणारी नवलाई नाही. आपल्या कोकणात, रत्नागिरी-चिपळूणला त्यांचे कारखाने आहेत. आणि आपण शेतकरी मात्र ती वस्तू कशी धरायची हे शिकलो नाही.

दाते सगळे पुढच्या बाजूला झुकलेले असतात. म्हणजे कानस फक्त पुढं ढकलताना कापते. मागं ओढताना ती काही कापत नाही, उलट दाब ठेवला तर दात्यांची टोकं घासून जातात. आपण काय करतो? करवत चालवावी तसं मागंपुढं, जोर लावून. निम्मी मेहनत धार लावायला आणि निम्मी मेहनत कानस मारायला. पुढं जाताना दाब, मागं येताना उचलायची. एवढी एक गोष्ट पाळली तरी तुमची कानस कितीतरी जास्त टिकेल. फिटरच्या पोरांना आयटीआयमध्ये सुरुवातीला दिवसेंदिवस नुसती कानसच मारायला लावतात, ती काय वेळ घालवायला?

दुसरं, दात्यांत बुरा अडकतो. लोखंडाचे बारीक कण रेघांत घट्ट बसतात. मग दाते वर राहतच नाहीत, कानस घसरते. आपण म्हणतो कानस संपली. ती संपलेली नसते, तिचं तोंड भरलेलं असतं. वर अडकलेला कडक कण धारेवर ओरखडे पाडतो तो वेगळाच.

आता साफ कशी करायची ते लिहितो. हा भाग जपून ठेवा.

1) आखूड, ताठ तारांचा ब्रश घ्या. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. दात्यांच्या रेघा तिरक्या असतात. ब्रश त्या रेघांच्या दिशेनेच ओढायचा, कानशीच्या लांबीच्या दिशेने नाही. दुहेरी दात्यांची कानस असेल तर दोन्ही तिरक्या रेघांनी एकेकदा. हे काम कानस वापरताना अधूनमधून करायचं, महिन्यातून एकदा नाही. दोन खुरपी झाली की ब्रशचे चार हात.

2) ब्रशने न निघणारे कण राहतात. त्यासाठी पितळेची किंवा तांब्याची छोटी पट्टी घ्या. जाड तांब्याची तार ठोकून चपटी केली तरी चालते. तिचं टोक रेघांच्या दिशेने दाबून ढकला. धातू मऊ असल्यामुळे दोन-चार वेळा ढकलल्यावर पट्टीलाच दात्यांचा आकार पडतो, आणि मग ती थेट रेघेत जाऊन बुरा बाहेर काढते. खिळ्याने, सुईने, स्क्रू-ड्रायव्हरने उकरू नका. पोलादाने पोलाद उकरलं की दाते मोडतात.

3) बुरा तोंडाने फुंकू नका. डोळ्यात जातो. कानस लाकडावर हलकी आपटा. हलकी म्हणजे हलकीच.

4) तेल, ग्रीस कानशीला लावायचं नाही. ही आपल्याकडची सगळ्यात मोठी चुकीची समजूत. लोखंड दिसलं की आपण तेल सोडतो. तेलाने कानस घसरते आणि बुरा चिखलासारखा धरून ठेवते. तेलकट झाली असेल तर कपड्याच्या साबणाने कोमट पाण्यात ब्रश मारून धुवा, लगेच फडक्याने पुसा आणि उन्हात कडक वाळवा. थोडंच तेल असेल तर शाळेचा खडू चोळा, खडू तेल ओढतो, मग ब्रशने झटका.

5) वापरायच्या आधी पण तोच खडू कानशीवर चोळा. रेघांत खडूची पावडर बसते, त्यामुळे बुरा घट्ट चिकटत नाही. मला हे खोटं वाटायचं. करून बघा.

6) गंजलेली कानस लगेच भंगारात टाकू नका. किराणा दुकानातला पांढरा व्हिनेगर घ्या, कानस बुडेल एवढा, आणि काही तास, फार तर रात्रभर ठेवा. आधी तेल निघालेलं पाहिजे, नाहीतर आंबट पाणी दात्यांपर्यंत पोचतच नाही. मग ब्रश मारा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढा, साध्या पाण्याने धुवा आणि ताबडतोब वाळवा. गंज जातो आणि दाते थोडे जिवंत होतात. पण नीट ऐका, ज्या कानशीचे दाते झिजून गुळगुळीत झालेत तिला व्हिनेगर काय करणार? बोटाला दातेच लागत नसतील तर ती गेली.

इथं माझा एक शहाणपणा सांगतो. व्हिनेगर आणायचा कंटाळा, म्हणून मी ठिबक साफ करायचं ॲसिड, तेच तीव्र, प्लॅस्टिकच्या डब्यात ओतलं आणि दोन कानशी रात्रभर ठेवल्या. सकाळी दाते खाल्लेले, कानशी खरबडीत. ते जाऊ द्या, त्या वाफेने खोलीतल्या पान्ह्यांवर, करवतीवर, सगळ्यावर आठ दिवसांत तांबूस गंज चढला. नाकातोंडात गेलं ते वेगळंच. हे करू नका. आणि ॲसिड पातळ करायची वेळ दुसऱ्या कुठल्या कामाला आली तर पाण्यात ॲसिड ओता, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही.

7) ठेवायची कुठं? खताच्या खोलीत नाही. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराईड, आणि क्लोराईड आलं की लोखंडाचा गंज वाढतो. युरिया, पोटॅश हवेतला ओलावा ओढतात हे पोत्याखालची ओली फरशी बघून आपल्याला माहीत आहे. त्याच फरशीवर कानस पडलेली असते. आणि पान्ह्यांबरोबर एका डब्यात पण नाही. कानशीवर कानस घासली की दोन्हीचे दाते जातात. मी एक इंची पाइपचे तुकडे कापलेत, प्रत्येक कानशीला स्वतंत्र नळी. चेन-सॉची गोल कानस ठिबकच्या 16 मिलिमीटरच्या जुन्या नळीत बसते. खर्च शून्य. बरेच महिने वापरायचीच नसेल तर तेलकट कागदात गुंडाळून ठेवा, पण परत काढल्यावर साबणाने धुतल्याशिवाय लोखंडाला लावू नका.

8) मूठ बसवा. बिनमुठीच्या कानशीचं टोकदार शेपूट तळहातात घुसतं. लाकडी मूठ नसेल तर दाणे काढलेलं, चांगलं वाळलेलं मक्याचं कणीस ठोकून बसवा. मूठ आली की हात सरळ चालतो, आणि हात सरळ चालला की धार सरळ येते.

9) प्रत्येक गोष्टीवर कानस चालत नाही. कानस लावली आणि ती न कापता काचेवरून गेल्यासारखी घसरली तर तिथंच थांबा. ते पातं कानशीएवढंच कठीण आहे, रेटलं तर तुमचीच कानस जाईल. ग्रासकटरच्या काही चकत्यांना कार्बाइडचे दात असतात, त्यांना कानस लागत नाही. कधी लोहाराकडून खुरप्याला पाणी जास्त दिलं जातं, तेव्हाही घसरते. त्याला परत नेऊन दाखवा, तो उतरवून देतो. आणि नवीन कानस पहिल्याच दिवशी जोर लावून गंजलेल्या कोयत्यावर घासू नका. सुरुवातीचे थोडे दिवस मऊ लोखंडावर, हलक्या हाताने.

खुरप्याला आमच्याकडे एकाच अंगाने धार असते. त्याच अंगाने, एकेरी दात्यांच्या कानशीने, धारेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लांब हात मारायचा. उलट्या अंगाला बोटाला बारीक खरखरीत कोर लागली की समजायचं धार आली. ती कोर उलट्या बाजूने एक हलका हात फिरवून काढायची. खुरपं जमिनीवर धरून नाही, व्हाइसमध्ये किंवा बाभळीच्या ओंडक्याला टेकवून. अशा रीतीने एक खुरपं तीन-चार मिनिटांत होतं.

आता मूळ भांडणावर येतो.

दसरा झाला की आमच्या कृष्णाकाठी बीडकडच्या ऊसतोड टोळ्या येतात. त्यांच्या कोपीजवळून संध्याकाळी जाऊन बघा. दिवसभर फडात मोडून आलेला माणूस दिवा लावून कोयत्याला कानस मारत बसलेला असतो. कानस फडक्यात गुंडाळलेली. एकदा मी मागितली तर तो नम्रपणे म्हणाला, "मालक, दुसरं काय बी मागा." मला राग आला होता. आज कळतंय. त्याला पैसे टनावर मिळतात. तिकडं नवरा-बायकोच्या जोडीलाच एक कोयता म्हणतात, एवढं त्या पात्यावर सगळं उभं आहे. कोयता बोथट झाला तर त्याचंच टन कमी होणार. नुकसान कुणाचं हे त्याला माहीत आहे, म्हणून तो कानस जपतो.

आपल्या भांगलणीत उलटं आहे. रोजंदारी आहे. खुरपं बोथट असलं तर त्याचा भार पहिल्यांदा बाईच्या मनगटावर येतो. मग काम कमी झालं म्हणून बोलणी पण तीच खाते. आपल्याला वाटतं आपलं नुकसान बाईने केलं. खरं नुकसान त्या बोथट लोखंडाने केलं, आणि ते लोखंड बोथट ठेवलं आपण. हे मला आक्काचा हात बघेपर्यंत कळलं नव्हतं.

यावर लोक काय काय म्हणतात ते मी ऐकलंय. एकेकाचं घेतो.

"खुरपं तर बायका घरून आणतात, धार लावायचं काम त्यांचं." आणतात, खरं आहे. पण त्यांच्या घरात कानस आहे का, हे कधी विचारलं? मी विचारलं. नऊ जणींपैकी दोघींच्या घरी होती, त्यातली एक मोडकी. रोजावर जाणाऱ्या बाईने दीड-दोनशेची कानस घ्यायची आणि तुमचं रान नीट भांगलून द्यायचं? औताला बैल जुंपताना आपण बैलाला सांगतो का की तुझी पास तू पाजवून आण?

"ग्राइंडर आहे की, दोन मिनिटांत चकाचक." चकाचक होतं, मान्य. पण धारेवर निळा रंग चढला की समजा पाणी उतरलं. पोलादावर निळा रंग सुमारे 300 अंश सेल्सिअसला येतो, आणि तेवढं तापलं की धार मऊ पडते. मग ते खुरपं तासाभरात परत बोथट. शिवाय प्रत्येक वेळी पातं जास्त खाल्लं जातं, दोन वर्षांचं खुरपं एका हंगामात संपतं. मोठी खोक पडली असेल तर ग्राइंडर वापरा, मधी मधी पाण्यात बुडवून. रोजच्या धारेला कानसच. आणि बांधावर वीज कुठाय?

"तणनाशक मारतो आम्ही, खुरपं लागतंच कशाला?" मी पण मारतो. पण उगवणीनंतर हळदीच्या गड्ड्याला लागून आलेलं तण काढायला शेवटी हातच लागतो. मिश्र पीक असेल तर विचारूच नका. आणि लव्हाळा किती तणनाशकाला दाद देतो ते तुम्हीच सांगा.

"दोनशेची वस्तू, गेली तर नवीन आणू." मग आणा ना! कुणी आणत नाही. नवीन आणू म्हणणाऱ्यांच्याच टूलबॉक्समध्ये दहा वर्षांपूर्वीची पट्टी पडलेली आहे. आणि नवीन आणली तरी महिन्याभरात तिचीही तीच गत करणार.

आता कृषी खात्यातले साहेब आणि विद्यापीठातले अभ्यासू लोक हे पान वाचतात, त्यांना हात जोडून पण स्पष्ट बोलतो. तुमच्या प्रत्येक पुस्तिकेत एक वाक्य असतं, लागवडीनंतर अमुक दिवसांनी खुरपणी करून पीक तणविरहित ठेवावे. खत किती किलो, औषध किती मिली, हे सगळं मोजून. खुरपणी मात्र "करावी". कुणी? कशाने? किती धारेच्या खुरप्याने? मी आजवर बऱ्याच शिबिरांना बसलो. ड्रोन दाखवला, ॲप दाखवलं, ग्रासकटर सुरू करून दाखवला. एकाही शिबिरात कुणी कानस हातात घेतलेली मी पाहिली नाही. ग्रासकटर घेतलेल्या पोराला त्याची चकती कशी पाजवायची हे कुणी सांगत नाही. तो बोथट चकतीवर जास्त ॲक्सिलरेटर देतो, पेट्रोल जाळतो आणि इंजिनाला शिव्या देतो.

चांगलं काम झालं तिथं मी नाव घेतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा वैभव विळा दातेरी आहे, वजनाला हलका आहे, त्याला सारखी धार लावत बसावं लागत नाही. म्हणजे विळा धरणाऱ्या हाताचा विचार कुणीतरी केला. माझं म्हणणं एवढंच की तोच विचार पुढं न्या. प्रत्येक शिबिरात दहा मिनिटं कानशीला द्या. एक खुरपं, एक कानस, एक ब्रश, एक खडू. आणि ती दहा मिनिटं बायकांना पण समोर बसवा, मागच्या सतरंजीवर नाही.

आता जो मुद्दा लोकांना सगळ्यात जास्त टोचणार आहे तो.

मी धार नीट लावायला लागल्यापासून माझ्या रानात काम लवकर उरकतं. गेल्या वर्षी सोयाबीनमध्ये एक दिवस मुद्दाम बघितलं. सकाळी बायकांनी आणलेल्या खुरप्यांनी काम झालं. जेवणाच्या सुट्टीत मी सगळी खुरपी कानशीने पाजवून दिली. रान तेच, बायका त्याच, आणि दुपारचं ऊन. तरीपण सकाळी जेवढ्या पाती निघाल्या त्यापेक्षा दुपारी जास्त निघाल्या. आकडा सांगून मोठेपणा करत नाही, तुमच्या रानात तुम्हीच मोजा.

हे एका मित्राला सांगितलं तर तो लगेच म्हणाला, "बरं झालं, मग पात वाढवून द्यायची!" बघा आपली बुद्धी कुठं धावते. धार लावून जो वेळ वाचला तो सगळा आपल्याच खिशात घालायचा? मग त्या बाईने धार लावलेल्या खुरप्याचं कौतुक का करावं? मी सरळ सांगितलं, पात तेवढीच राहील. लवकर उरकली तर लवकर घरी. घरी काय आराम आहे त्यांना? तिथं पाणी, चूल, पोरं, म्हैस वाट बघतच असतात. अर्धा तास आधी सुटका झाली तर त्यात माझं काही जात नाही. आणि परवाच्या बैठकीत मागितलेले साडेतीनशे मी या हंगामापासून देणार आहे. कानशीने रोजाचा प्रश्न सुटतो असं मी म्हणत नाही. मजूर कमी आहेत, महागाई आहे, ती भांडणं वेगळी. पण हातात बोथट खुरपं देऊन वर कामचुकार म्हणायचं, हे तरी बंद करू.

म्हणून आज रात्री एक काम करा. टूलबॉक्समधली कानस काढा. दिव्याखाली तिरकी धरा. दात्यांच्या टोकांवर पांढरी चकाकी दिसते का बघा. मऊ लोखंडाच्या सळईवर एक हात मारा. बुरा पडला तर ती जिवंत आहे, साफ करा, मूठ बसवा, नळीत घाला. नुसती घसरली तर ती गेली. तिला लोहाराकडे द्या, चांगलं पोलाद आहे, तो त्याची छिन्नी करील. आणि नवीन कानस घेऊन या, सोबत ब्रश आणि खडूची पेटी.

ती कानस घरात कुलपात ठेवू नका. भांगलणीच्या दिवशी बांधावर न्या. सकाळी पात धरायच्या आधी आणि जेवणानंतर, दोन वेळा, स्वतः बसून सगळी खुरपी पाजवून द्या. गड्याला सांगू नका, स्वतः करा. नऊ खुरप्यांना अर्धा तास लागतो. तेवढ्या अर्ध्या तासात बायका काय बोलतात ते पण ऐकायला मिळतं, आणि त्यात आपल्या रानाबद्दल बरंच कळतं, जे आपल्याला बांधावरून दिसत नाही.

मागच्या आठवड्यात शेजारच्या रानात आक्का भांगलत होती. मी बांधावर बसून खुरपी पाजवत होतो. ती आली, काही न बोलता आपलं खुरपं माझ्यासमोर ठेवलं आणि पाणी प्यायला गेली. मी ते पाजवलं. ती परत आली, अंगठ्याने धार बघितली, मान हलवली आणि आपल्या पातीवर गेली. माझ्या रानात ती अजून येत नाही. येईल न येईल, तिची मर्जी.

पारावरच्या मंडळींना एकच सांगतो. पुढच्या बैठकीला येताना आपापली कानस घेऊन या. ती मधी ठेवू, आणि मग रोजावर बोलू.

हळदीची राहिलेली नोंद रविवारी टाकतो. पानावर करपा दिसायला लागलाय, फोटो काढून ठेवलेत.

राम राम.